इंजिनाचे ऑइल खाणे

गाडीखाली थेंब पडत नाही, इंजिनाला बाहेरून ओल नाही, तरी डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी उतरत राहते. अशा वेळी ‘गाडी ऑइल खाते’ असे म्हणतात. हे ऑइल सिलिंडरमध्ये शिरते, इंधनाबरोबर जळते आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. जुन्या मोटारींत हा दोष सर्रास आढळतो. त्याच्या वाटा अनेक आहेत. काही वाटा बंद करायला इंजिन खोलावे लागते, तर काहींना एक स्वस्त झडप बदलणे पुरते. म्हणून पातळी उतरली की थेट इंजिनाचे काम काढण्याचा सल्ला घाईचा ठरतो.

थोडे ऑइल प्रत्येक इंजिनात जळते. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर राहावाच लागतो, नाहीतर धातूवर धातू घासून इंजिन जाम होईल. या थराचा वरचा भाग दर स्फोटाला ज्वाळेसमोर उघडा पडतो आणि त्यातला अंश जळतो. अनेक उत्पादक १,००० किलोमीटरला अर्ध्यापासून एक लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानतात. ही मर्यादा फार सैल आहे. निरोगी इंजिनात एका ऑइल बदलापासून दुसऱ्यापर्यंत वरून ऑइल घालायची वेळ क्वचितच येते.

एवढे ऑइल जळूनही धूर का दिसत नाही, याचे उत्तर हिशेबात आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत ताशी ६० किलोमीटरने चालले, तर १,००० किलोमीटरमध्ये त्याचे सुमारे २५ लाख फेरे होतात. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो, म्हणजे एकूण ५० लाख स्फोट. एक लिटर ऑइल त्यांत वाटले गेले, तर दर स्फोटाच्या वाट्याला मिलिलिटरचा पाच हजारावा भाग येतो. ऑइलचा एक थेंब अशा सुमारे २५० स्फोटांना पुरतो. त्याची उरलीसुरली वाफ पुढे गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जळते. त्यामुळे धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, हा समज खरा नाही. निळा धूर दिसू लागतो तोपर्यंत खप बराच वाढलेला असतो, किंवा ऑइल एखाद्या क्षणी एकदम जास्त शिरत असते.

सर्वांत महत्त्वाची वाट पिस्टनच्या रिंगांमधून जाते. साधारणपणे पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन रिंगा मुख्यतः वायूचा दाब अडवतात. खालची ऑइल रिंग भिंतीवरचे जादा ऑइल खरवडते आणि ते रिंगेच्या खाचेतल्या बारीक छिद्रांतून पिस्टनच्या आत, तिथून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीत, परत जाते. वर्षानुवर्षे उष्णतेने करपलेल्या ऑइलचा कार्बन या छिद्रांत आणि खाचेत साठतो. छिद्रे बुजली की खरवडलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही. रिंग खाचेत चिकटून बसली की ती भिंतीला टेकतच नाही. मग धातूची झीज फारशी झालेली नसतानाही इंजिन ऑइल जाळू लागते. एकदा हे सुरू झाले की दोष स्वतःलाच वाढवतो. जळालेल्या ऑइलचा कार्बन रिंगांवर बसतो, पातळी उतरल्याने उरलेल्या थोड्या ऑइलवर सगळी उष्णता येते, ते लवकर करपते आणि रिंगा आणखी चिकटतात. लांबवलेले ऑइल बदल आणि इंजिन पुरते तापू न देणारे छोटे प्रवास या चक्राला हातभार लावतात.

घर्षण कमी करून इंधन वाचवण्यासाठी अलीकडच्या इंजिनांत ऑइल रिंगांचा ताण कमी ठेवतात. अशा रिंगा निकामी व्हायला थोडा कार्बनही पुरतो. टोयोटाच्या २.४ लिटरच्या ‘२एझेड-एफई’ इंजिनाबाबत जादा खपाच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने अमेरिकेत काही मॉडेलांसाठी वाढीव वॉरंटी देऊन सुधारित पिस्टन आणि रिंगा बसवून दिल्या. म्हणजे दोष नेहमी वयाचा किंवा चालकाचाच असतो असे नाही. कधी तो आराखड्यातच असतो.

इथे तपासणीत एक चकवा आहे. सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट चांगली आली की ‘रिंगा ठीक आहेत’ असे सांगितले जाते. ही चाचणी वरच्या दोन रिंगांची आणि झडपांची हालत सांगते. ऑइल रिंग अडकली असली तरी आकडा उत्तम येऊ शकतो. सिलिंडरमधले जादा ऑइल फटी बुजवत असल्यामुळे तो कधी खऱ्याहून चांगलाही दिसतो. प्लगच्या छिद्रातून बोअरस्कोप (आत डोकावायचा बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा पाहणे अधिक बोलके ठरते. माथ्याच्या मध्यभागी कार्बन आणि कडेला धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला, तर ऑइल रिंगांमधून वर येते आहे असा संशय पक्का होतो.

बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीची, झीज हे पूर्वीचे मुख्य कारण. पिस्टन सर्वांत वर जाऊन क्षणभर थांबतो, तिथे ऑइलचा थर तुटतो आणि भिंत जास्त झिजते. बोअर वर रुंद, खाली अरुंद आणि किंचित लंबगोल होतो. अशा बोअरला रिंगा सगळीकडून पुरत्या टेकत नाहीत.

दुसरी वाट वरून येते. झडपांच्या दांड्या गाइड नावाच्या छोट्या नळ्यांमधून वरखाली होतात आणि त्यांना थोडे ऑइल लागते. ते मोजकेच उतरावे म्हणून प्रत्येक दांडीवर रबराचे छोटे व्हॉल्व्ह सील असते. नायट्राइल रबराची सील उष्णतेने कडक होऊन तडकतात; फ्लोरोइलास्टोमरची जास्त टिकतात. खराब सीलची खूण वेळेवरून ओळखता येते. रात्रभर उभ्या गाडीत झडपांच्या बाजूचे ऑइल झिरपून खाली उतरते, त्यामुळे सकाळी स्टार्ट करताच निळ्या धुराचा लोट येतो आणि थोड्या वेळात थांबतो. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरवली आणि खाली पुन्हा रेस दिल्यावर धूर आला, तर गाइड आणि सीलकडे बोट जाते. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेच्या वाटेवरची झडप) बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, जोरदार निर्वात तयार होतो आणि तो दांडीवरचे ऑइल खेचतो. बहुतेक डिझेल इंजिनांत हवेची वाट अशी बंद होत नाही, म्हणून तिथे ही खूण इतकी स्पष्ट नसते. जोर लावून चढ चढताना सतत धूर येणे मात्र रिंगांकडे बोट दाखवते.

तिसऱ्या वाटेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी. रिंगांना चुकवून काही वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, उतरतो. पूर्वी तो उघड्या नळीने हवेत सोडत. धुरके कमी करण्यासाठी कॅलिफोर्नियाने १९६१ च्या मॉडेलांपासून तो परत इंजिनात खेचून जाळण्याची व्यवस्था आणली. या वाटेवर वायूचा प्रवाह आवरणारी झडप म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह; तिच्यात चिकटा साठतो. तो उघडा अडकला तर वायूबरोबर ऑइलचे तुषारही इनटेकमध्ये ओढले जातात. बंद अडकला तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल रिंगांमधून, सीलमधून, मिळेल तिथून बाहेर रेटले जाते. काही इंजिनांत व्हॉल्व्हच्या जागी रबरी पडदा असतो. तो फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो आणि चालू इंजिनाचे ऑइल झाकण उघडताना विलक्षण ओढ जाणवते. एवढा एक भाग बदलून खप निम्म्यावर येणेही शक्य असते, म्हणून तो न तपासता इंजिन खोलणे चूकच.

टर्बो असलेल्या गाडीत आणखी एक शक्यता असते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत ऑइलच्या थरावर तरंगतो. बेअरिंग झिजले किंवा परतीची नळी तुंबली की ऑइल हवेच्या पाइपात उतरते. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप काढून आत ऑइल साचले आहे का, हे पाहावे.

ऑइलचा स्वतःचाही वाटा असतो. तापल्यावर ते काही प्रमाणात उडून जाते. नोअ‍ॅक चाचणीत नमुना २५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून किती वजन घटले ते मोजतात. अनेक मानकांत ही घट १३ ते १५ टक्क्यांपर्यंतच चालते. दुसरी गोष्ट फसवी आहे. थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्यांत न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते आणि पातळी स्थिर असल्याचे भासते. मग एका लांब प्रवासात ते पेट्रोल उडून जाते आणि पातळी ‘अचानक’ उतरते. ती आधीपासूनच उतरत होती.

म्हणून आधी मोजमाप हवे. सपाट जागी, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरेपर्यंत थांबून, दर वेळी त्याच पद्धतीने पातळी पाहावी आणि घातलेले ऑइल किलोमीटरसह लिहून ठेवावे. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचे अंतर असते. ऑइलच्या लाल दिव्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तो सहसा दाब पडल्यावर लागतो, पातळी उतरल्यावर नाही. तोवर बेअरिंगांना इजा झालेली असू शकते. जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, आणि जळालेले ऑइल डिझेल गाडीच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये न जळणारी राख साठवते.

उपाय कारणाप्रमाणे बदलतो. कित्येक इंजिनांत सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून झडपा वर धरतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) न काढता सील बदलतात. चिकटलेल्या रिंगा सॉल्व्हंटमध्ये भिजवून कधी सुटतात, पण खात्री नसते. उत्पादकाने परवानगी दिलेल्या मर्यादेत थोडे जाड ऑइल, जसे ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०, खप कमी करू शकते. कारण मात्र तसेच राहते. बोअर झिजला असेल तर तो वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन बसवतात. झीज मर्यादेत असेल तर होनिंग करून, म्हणजे भिंत घासून तिच्यावर बारीक रेघा पाडून, नव्या रिंगा बसवणे पुरते. भिंतीवरच्या या तिरप्या जाळीदार रेघांत ऑइल टिकते आणि रिंगा घासून भिंतीला नीट बसतात. त्या नीट बसेपर्यंत नवे केलेले इंजिनही नेहमीपेक्षा जास्त ऑइल जाळते, त्यामुळे कामानंतरच्या पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये डिपस्टिक वारंवार पाहावी लागते.