तांड्यावर पंप उशिरा का पोचला? मराठवाड्यातल्या बालदम्याची पार्श्वभूमी

मृग निघाला की मराठवाड्यातले दमेकरी अजूनही हैदराबाद गाठतात. तिथं जिवंत मासळीच्या तोंडात औषध भरून ती गिळायला देतात. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं ही वाट पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची. त्या औषधाला शास्त्राचा आधार नाही, पण दवाखान्यानं टाळलेल्या माणसाला तिथं रांगेत उभं राहता येतं, हेही खरं.

लेकराला धाप लागली, पोट उडू लागलं की 'डबा झाला' म्हणायचे आणि बिब्ब्याचे चटके द्यायचे. सदरा वर केला की पोटावरचे ते काळे गोल डाग मी स्वतः पाहिलेत.

जगात औषध नव्हतं असं नाही. औरंगाबादला घाटीचं मेडिकल कॉलेज 1956 मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी अमेरिकेत दम्याचा पहिला हातात मावणारा पंप विक्रीला आला. 1972 मध्ये इकडं बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, तेव्हा इंग्लंडमध्ये स्टिरॉइडचा पंप निघाला. श्वासनळीची सूज मुळात कमी करणारा, रोज घ्यायचा पंप तो हाच. आपल्याकडं मात्र दम्याचा उपचार म्हणजे रात्री उचलून नेलेलं लेकरू, एक वाफ, एक इंजेक्शन आणि घरी. रोजच्या औषधाची गोष्ट आईला कुणी बसून सांगितलीच नाही. मोहल्ल्यातल्या आईला तिच्या दखनीत तर नाहीच. मग 'पंप लागला की सुटत नाही' ही भीती घट्ट बसली, पोरीच्या बाबतीत तर जास्तच.

त्यात ऊसतोड. बीडच्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. थंडी, खोपीतली चूल, पेटवलेल्या पाचटाचा धूर. दमा उठतो नेमका तेव्हाच. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी-शाळेत मुलं तपासतात आणि श्वासनळ्या आकसण्याचा आजार त्यांच्या यादीत आहे. पण पथक गावात येतं तेव्हा लेकरू फडावर असतं. 2016 नंतर उज्ज्वलाचं सिलिंडर आलं. फडावर ते कोण नेणार?

उपाय महाग नाही. लहान मुलाला पंप स्पेसर लावूनच द्यावा लागतो, म्हणजे फवारा आधी एका पोकळ नळकांड्यात सोडायचा आणि लेकरानं तो तिथून श्वासातून ओढायचा. केप टाउनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवून दिलं की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून कडेची फट बुजवली तरी विकतच्या स्पेसरचं काम होतं. तशी बाटली, हंगामभर पुरतील एवढे पंप आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला वाचता येईल असा उपचाराचा कागद, एवढं टोळी निघायच्या आधी आईच्या बोचक्यात जायला हवं.