समुदायाधारित शेती

हंगाम सुरू होण्यापूर्वीच काही कुटुंबांनी एखाद्या शेतकऱ्याकडे आगाऊ पैसे भरून त्याच्या पिकात वाटा घ्यायचा आणि पुढे त्या शेतात जे पिकेल ते दर आठवड्याला वाटून न्यायचे, या पद्धतीला समुदायाधारित शेती म्हणतात. ‘कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘सीएसए’ म्हणूनही ओळखली जाते. सभासद येथे भाजी विकत घेत नाही, हंगामातला हिस्सा घेतो. हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. पीक जोमात आले तर दर आठवड्याला मिळणारे भाजीचे खोके ओसंडून वाहते, गारपिटीने किंवा किडीने गेले तर ते हलके होते, आणि भरलेली रक्कम दोन्ही वेळा तेवढीच राहते.

या पद्धतीचा उगम एकाच ठिकाणी शोधता येत नाही. जपानमध्ये कीटकनाशकांच्या वाढत्या वापराने धास्तावलेल्या गृहिणींनी थेट शेतकऱ्यांशी करार करायला सुरुवात केली. त्या व्यवस्थेला ‘तेइकेई’, म्हणजे सहकार्य किंवा भागीदारी, असे नाव आहे. तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये स्थापन झालेल्या जपानी सेंद्रिय शेती संघटनेने १९७८ मध्ये तिची दहा तत्त्वे मांडली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळ ‘ले जार्दां द कोकान्य’ ही सहकारी बाग सुरू झाली. स्विस प्रयोगांचा अनुभव घेऊन यान व्हँडर टुइन अमेरिकेत परतले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ एग्रेमाँट येथील इंडियन लाइन फार्मवर रॉबिन व्हॅन एन यांच्यासह काही जणांनी आधी सफरचंदांचे वाटे विकून पाहिले. १९८६ मध्ये भाजीपाल्याचा पहिला हंगाम निघाला. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमध्ये टेंपल-विल्टन कम्युनिटी फार्म उभे राहिले. अलाबामातील टस्कीगी येथील कृषितज्ज्ञ बुकर टी. व्हॉटली मात्र त्याआधीपासूनच छोट्या शेतकऱ्यांना वार्षिक वर्गणी भरणाऱ्या गिऱ्हाइकांचे मंडळ बांधण्याचा सल्ला देत होते. या इतिहासात त्या कृष्णवर्णीय तज्ज्ञाचे नाव पुष्कळदा गाळले जाते, ते योग्य नाही.

वाट्याची किंमत ठरवण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. टेंपल-विल्टनमध्ये शेतकरी वार्षिक सभेत वर्षाचा सगळा खर्च सभासदांपुढे ठेवतात, प्रत्येक कुटुंब ऐपतीप्रमाणे आकडा सांगते आणि बेरीज खर्चाला भिडेपर्यंत आकडे वाढवले जातात. भाजी मात्र ज्याने त्याने गरजेप्रमाणे न्यायची असते. बहुतेक ठिकाणी एवढा मोकळेपणा नसतो. तेथे पूर्ण किंवा अर्ध्या वाट्याचा ठरीव दर असतो, आणि बियाणे, खत व मजुरीसाठी शेतकऱ्याला सर्वाधिक रोकड लागते त्या हिवाळ्याच्या अखेरीस तो वसूल केला जातो. बँकेच्या कर्जाची गरज त्यामुळे कमी होते, हा शेतकऱ्याचा सर्वांत ठोस लाभ होय.

अमेरिकेच्या ईशान्य भागात वाटप साधारणपणे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. जूनच्या खोक्यात लेट्यूस, मुळे, पालक आणि लसणाचे कोवळे दांडे असतात. ऑगस्टमध्ये टोमॅटो आणि मक्याची कणसे येतात, तर ऑक्टोबरमध्ये भोपळे, गाजरे आणि बटाटे. काय घ्यायचे हे सभासद ठरवत नाही, ऋतू ठरवतो. नवलकोलाचे गड्डे हाती पडल्यावर त्यांचे करायचे काय, हे तिकडच्या अनेकांना ठाऊक नसते, म्हणून खोक्याबरोबर पाककृतींचा कागद देण्याची प्रथा पडली. (मराठी स्वयंपाकघरात ही अडचण क्वचितच आली असती.) काही शेतांवर वाट्याच्या बदल्यात खुरपणीला किंवा तोडणीला ठरावीक तास हातभार लावण्याचीही सोय असते.

जोखीम वाटून घेण्याची खरी परीक्षा २००९ च्या उन्हाळ्यात झाली. त्या वर्षी सततचा पाऊस आणि दुकानांतून विकल्या गेलेल्या रोगट रोपांमुळे ईशान्य अमेरिकेत उशिराचा करपा हा रोग पसरला, आणि आधी पानांवर काळपट डाग, मग फळांवर तपकिरी चट्टे, अशा क्रमाने टोमॅटोची उभी झाडे थोड्याच दिवसांत बसली. बाजारावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याचे त्या पिकाचे उत्पन्न गेले. वाटे आधीच विकलेल्या शेतकऱ्याला मात्र हंगामाचे पैसे मिळालेले होते आणि खोक्यातली कमतरता सभासदांनी सोसली. तरीही दर वर्षी काही सभासद वाटा सोडतात; पालेभाजी फार येते, आवडीची भाजी येत नाही, ठरलेल्या दिवशी खोके आणायला जमत नाही, ही नेहमीची कारणे होत. त्यांना धरून ठेवण्यासाठी निवडीची मुभा देणाऱ्या आणि अनेक शेतांचा माल एकत्र करणाऱ्या योजना निघाल्या. त्यांतील काहींत जोखमीची भागीदारी नावालाच उरते, आणि मग अशा योजनेला घरपोच भाजी म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

महाराष्ट्रात या पद्धतीची तुलना बलुत्याशी करण्याचा मोह होतो, परंतु साम्य वरवरचे आहे. बलुतेदाराला वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीनंतर खळ्यावर मिळे, म्हणजे थांबायचे ते राबणाऱ्याने. येथे खाणारा आधी पैसे मोजतो. शिवाय बलुते जातीने बांधलेले होते, वाटा दर हंगामाला सोडता येतो. मुंबईत ‘मोफ्का’ या सेंद्रिय शेतकरी व ग्राहकांच्या संस्थेने ‘हरी भरी टोकरी’ या नावाने आगाऊ वर्गणीवर साप्ताहिक भाजी देण्याचा उपक्रम याच धर्तीवर चालवला. राज्य शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केल्यावर शहरांतील शेतकरी आठवडे बाजारांना चालना मिळाली आणि थेट विक्री सोपी झाली. हे बाजार मात्र समुदायाधारित शेतीत मोडत नाहीत, कारण तेथे संध्याकाळी न खपलेल्या मेथीच्या जुड्यांचा तोटा शेतकऱ्याच्याच पदरी राहतो.