काम यंत्रानं नेलं की बाजारानं?

तासगावकडं बेदाण्याच्या युनिटवर निवडणीला बायका कमी बोलावल्या की दोन कारणं कानावर येतात. एक म्हणते, सॉर्टर मशीन आलं. दुसरी म्हणते, बाहेरचा बेदाणा आला. जिचा रोज बुडाला तिला दोन्ही सारखंच. पण दुखणी दोन आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

ओळखायचं असेल तर युनिटमधून बाहेर पडणारे बॉक्स मोजा. बॉक्स पूर्वीइतके जातायत आणि हात कमी लागतायत, तर काम यंत्रानं नेलं. बॉक्सच पडून आहेत, शीतगृह भरलंय, सौद्यात भाव निघत नाही, तर बाजारानं.

यंत्र सगळं काम नेत नाही, त्यातलं नेमकं एक कसब नेतं. काळपट दाणा हेरणारी नजर हीच निवडणारीची कमाई होती; आता कॅमेरा तो दाणा हेरतो आणि हवेचा झोत उडवतो. मशीन चालवायला, बिघडलं की उघडायला मात्र माणूस लागतोच. तिथं आयटीआय झालेला पोरगा तिच्यापेक्षा जास्त पगारावर येतो. मग युनिटची सरासरी मजुरी चक्क वाढलेली दिसते! (सरासरीवर माझा फारसा विश्वास नाही तो यामुळेच.) वाळव्याकडं उसात हार्वेस्टर शिरला की हेच होतं: कारखान्याला ऊस तेवढाच जातो, कोयते घटतात, ड्रायव्हरला भाव येतो. शिक्षणाचा उपयोग इथं होतो, पण बहुतेक वेळा त्याच बाईला नाही, तिच्या मुलांना.

बाजारानं काम नेलं तर आयटीआयवालाही घरी बसतो. अफगाणिस्तानचा बेदाणा स्वस्तात उतरला की निवडणारी, ऑपरेटर, हमाल, टेम्पोवाला, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळ्यांनाच झळ. तिथं प्रशिक्षणाचे वर्ग काढून काय होणार? तिथं आयातशुल्क, मालाची प्रत आणि नवं गिऱ्हाईक यांचा विचार करावा लागतो. हाच बाजार द्राक्षं युरोपला नेतो, तेव्हा पॅकहाऊसमध्ये बायकांना काम मिळतं, हेही खरं.

अमेरिकेत डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी 2015 मध्ये हा फरक आकड्यांत मांडला. चिनी मालाशी स्पर्धा झाली त्या भागांत एकूण रोजगार घटला. संगणक शिरला तिथं एकूण रोजगार फारसा घटला नाही. मधल्या दर्जाची, ठरावीक साच्याची कामं आटली.

मिरजेच्या तंतुवाद्यांना मात्र माझी ही खूण लागत नाही. तानपुऱ्यांची मागणी घटली म्हणजे वरवर बाजाराचंच काम. पण ती घटवायला हातभार लावला इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यानं. ते यंत्र कारागिराच्या दुकानात आलंच नाही, परस्पर गवयाच्या पिशवीत गेलं.