किनाऱ्यावरच्या लहान शहराचं सांडपाणी शुद्धीकरण

घरातलं मोरीचं, संडासचं, किचनचं पाणी पाईपनं एका जागी आणायचं, घाण काढायची आणि मग नदी, खाडी नाहीतर समुद्रात सोडायचं, हे काम. बेळगाव-कारवारच्या सीमाभागात बोलताना जमिनीखालच्या पाईपांच्या जाळ्याला यूजीडी आणि पाणी शुद्ध करायच्या प्लांटला एसटीपी म्हणतात. आपल्या भागातलं किनाऱ्यावरचं शहर म्हणजे कारवार, काळी नदी तिथं अरबी समुद्राला मिळते. एडीबीच्या (आशियाई विकास बँकेच्या) कर्जातून १९९९ मध्ये मंजूर झालेल्या कर्नाटक किनारपट्टी प्रकल्पात कारवार, अंकोला, भटकळ, शिरसी, दांडेली धरून १० शहरं होती.

सरकारी हिशोब सोपा आहे, माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला, म्हणजे ७० हजार वस्तीला साधारण साडेसात एमएलडीचा (दिवसाला ७५ लाख लिटरचा) प्लांट बस्स झाला. पण खरं दुखणं प्लांटच्या आधीच सुरू होतं. बेळगावला जमिनीला उतार आहे, पाणी आपोआप पूर्वेला वाहतं. किनाऱ्यावर जमीन सपाट, त्यामुळं पाईपला ढाळ द्यायचा तर खोल खोल खणत जावं लागतं आणि थोडं खणलं की खाली पाणी लागतं, मग जागोजागी वेटवेल (सांडपाणी गोळा करायची विहीर) बांधून पंपानं उचलायचं. लाईट गेली की वेटवेल भरून चेंबरमधून पाणी रस्त्यावर, म्हणून जनरेटर पाहिजेच. काळीवर वीज तयार होते, कैगा अणुकेंद्र तालुक्यातच आहे, तरी पावसात लाईट जायची ती जातेच!

दुसरं म्हणजे भूजल. पाईपचे सांधे पाण्याखाली असल्यानं बाहेरचं पाणी आत झिरपतं, वरून लोक गच्चीचा पन्हाळा गुपचूप ड्रेनेजला जोडतात, त्यामुळं जून ते सप्टेंबर प्लांटवर कागदावरच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी येतं आणि तेही इतकं पातळ की प्लांटमधल्या घाण खाणाऱ्या जंतूंना खायलाच पुरत नाही, लोंढा मोठा असला तर जंतूच टाकीतून वाहून जातात. भरतीचं खारं पाणी शिरलं तर त्यातल्या सल्फेटपासून सडका वायू होतो, त्याचं पाईपच्या छताशी ॲसिड बनून सिमेंट खाल्लं जातं.

प्लांटमधलं काम तसं सगळीकडं सारखंच: जाळीत प्लास्टिक-चिंध्या अडकवायच्या, वाळू खाली बसवायची, हवा देऊन जंतूंकडून घाण खाववायची, गाळ बसवायचा, वर क्लोरीन. कच्च्या पाण्याचं बीओडी (घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला २००-२५० मिलिग्रॅम असतं, २०१७ च्या केंद्राच्या नियमात लहान शहरांना ३० पर्यंत चालत होतं, राष्ट्रीय हरित लवादानं (पर्यावरणाच्या कोर्टानं) २०१९ ला १० वर आणायला सांगितलं.

पाणी सोडायची वेळही महत्त्वाची. ओहोटीला सोडलं तर बाहेर जातं, भरतीला सोडलं तर खाडीत परत येतं, म्हणून तोंडाला एकाच बाजूनं उघडणारी झडप लावतात. काळीच्या खाडीत तिसऱ्या आणि कालवं मिळतात, हे जीव पाणी गाळूनच जगतात, म्हणजे संडासचे जंतू त्यांच्या अंगात साठतात आणि तिथून ताटात येतात, म्हणून इथं बीओडीपेक्षा कोलिफॉर्मचा (संडासातून येणाऱ्या जंतूंचा) रिपोर्ट आधी बघावा. शुद्ध न करता किनाऱ्याच्या पट्ट्यात सोडायला सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमात बंदी आहेच.

जिथं यूजीडी पोचलं नाही तिथं सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. रेताड जमिनीत पाणी भराभर मुरतं, लोकांना वाटतं काम झालं, पण शेजारच्या विहिरीत तेच उतरतं. टाकी उपसायला सक्शन गाडीच बोलवायची, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

राहिला गाळ. बेळगावकडं उन्हाळ्यात वाफ्यावर पसरला की वाळतो, किनाऱ्यावर पावसाचे ४ महिने वाफे ओलेच, त्यामुळं पिळून काढायचं मशीन घ्यावं लागतं. मशीन बंद पडलं की गाळ टाकीतच साठतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर खाडीत जातो.