‘प्ले’ बटणामागची अडत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि सांगलीतल्या असेंबल कॉम्प्युटरच्या दुकानांत एका जुन्या प्रश्नाला नवी धार आली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. विश्रामबागेत, कुपवाडला घरोघरी धडधाकट चालणारी चौथ्या-सहाव्या पिढीची आय-फाइव्ह मशिनं त्यात बसत नाहीत. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घ्या म्हटलं की वडील लगेच तयार होतात, कारण पैसे लागत नाहीत. पोरगा मात्र एकच विचारतो : गेम चालतील का?

बरेचसे चालतात. आणि ते का चालतात, ही गेल्या काही वर्षांतली सॉफ्टवेअरमधली फार मजेदार गोष्ट आहे.

विंडोजसाठी बनवलेल्या गेममधल्या सूचना प्रोसेसरसाठीच लिहिलेल्या असतात आणि प्रोसेसर तर तोच आहे, वर विंडोज असो वा लिनक्स. अडचण येते ती गेम काही मागतो तेव्हा. ही फाइल उघड, हा आवाज वाजव, इथे त्रिकोण काढ, अशा मागण्या तो विंडोजच्या ठरलेल्या फंक्शनांच्या नावाने करतो आणि लिनक्समध्ये त्या नावांचं कुणीच नसतं. तिथे ‘वाइन’ नावाचं सॉफ्टवेअर उभं राहतं. मार्केट यार्डात शेतकरी हळद अडत्याच्या दुकानात उतरवतो. पुढचा खरेदीदार गुजरातचा की दिल्लीचा, हे त्याला शोधत बसावं लागत नाही. वाइनही तसंच, गेमची मागणी विंडोजच्या रीतीने घेतं आणि लिनक्सकडून पुरी करून देतं. फरक एवढाच की इथे अडत कापली जात नाही.

हे काम १९९३ साली सुरू झालं. १९९४पासून अलेक्झांडर जुलियार्ड त्याची धुरा सांभाळतात. आवृत्ती १.० यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! विंडोजची फंक्शनं हजारोंनी आहेत, आणि कागदावर लिहिलंय तशीच ती वागतील याची खात्री नाही. गेम बनवणाऱ्यांनी विंडोजच्या चुकांवरही विसंबून कोड लिहिलेला असतो, त्यामुळे त्या चुकासुद्धा जशाच्या तशा उतरवाव्या लागतात.

चित्रांचा भाग त्याहून अवघड. विंडोजचे बहुतेक गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्ट-थ्रीडी मार्फत बोलतात. २०१६ साली व्हल्कन नावाची खुली पद्धत आली. ती कार्डाच्या इतकी जवळ जाते की डायरेक्ट-थ्रीडीच्या आज्ञा तिच्यात फिरवून द्यायला फारसा वेळ वाया जात नाही. फिलिप रेबोले या जर्मन तरुणाला ‘नीअर : ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता. त्या हट्टापायी त्याने हे फिरवून देणारं ‘डीएक्सव्हीके’ लिहायला घेतलं. वाल्व्ह कंपनीने ते, वाइन आणि बाकीचे तुकडे एकत्र बांधून ऑगस्ट २०१८मध्ये ‘प्रोटॉन’ काढलं आणि स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानातच बसवलं. तेव्हापासून खेळणाऱ्याने फक्त ‘प्ले’ दाबायचं. २०२२मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं यंत्र याच पायावर चालतं.

माझ्या मते खरी करामत यानंतरची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. एक उदाहरण जवळून पाहू. विंडोजच्या लेखी इंग्रजी कॅपिटलमधलं फाइलचं नाव आणि स्मॉल लिपीतलं नाव एकच. लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. (देवनागरीत ही भानगडच नाही, आपण सुटलो.) गेममध्ये प्रोग्रॅमरने कुठे कॅपिटल घातलं, कुठे नाही, याला धरबंध नसतो, कारण विंडोजवर कधी अडलंच नाही. मग वाइनला काय करावं लागतं? मागितलेलं नाव जसंच्या तसं सापडलं नाही, की अख्खा फोल्डर वाचून एकेक नाव ताडून पाहायचं. फोल्डरमध्ये पाच-दहा हजार फाइली असल्या आणि गेम दर क्षणाला नवी मागत असला, तर चित्र अडखळणारच. २०१९मध्ये लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ५.२ आवृत्तीने ईएक्सटी-फोर या लिनक्सच्या फाइली मांडायच्या पद्धतीत (फाइल सिस्टीममध्ये) सोय दिली, की ठरावीक फोल्डरपुरता हा लहानमोठा भेद करायचा नाही. गेमच्या चित्रांत यामुळे एक ठिपकाही बदलत नाही, बदलतो तो फक्त वेळ.

दुसरं काम थ्रेडचं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचं. आजचा गेम एकाच वेळी अनेक धाग्यांवर चालतो आणि ते सतत एकमेकांची वाट पाहत असतात. ‘या पाचांपैकी कुणीही आलं की मला उठव’ ही विंडोजची वाट पाहण्याची रीत लिनक्समध्ये तशी नव्हती. वाइन दर वेळी आपल्या मध्यवर्ती सर्व्हरला (मशिनमध्येच चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमला) विचारायला जायचं, आणि सेकंदाला हजारो हेलपाटे म्हणजे वेगाची वाट. आधी बऱ्याच युक्त्या झाल्या. शेवटी २०२५च्या कर्नल ६.१४मध्ये ‘एनटीसिंक’ नावाचा ड्रायव्हर आला, जो ही रीत कर्नलमध्येच पाळतो.

आता कार्डाचं. आपल्याकडच्या स्वस्त असेंबल मशिनांत जीटी ७१० कार्ड सर्रास दिसतं. त्याचा एनव्हिडियाचा ड्रायव्हर व्हल्कन १.२पर्यंतच जातो, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.०ला १.३ लागतं. म्हणजे नवा प्रोटॉन तिथे अडतो. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनची जुनी आवृत्ती निवडली, तर जुने गेम चालून जातात. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचीही साधारण हीच गत. जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असेल तर या बाबतीत निश्चिंत राहा. दुकानात जुनं कार्ड घेताना लोक मेमरी किती जीबी एवढंच विचारतात. लिनक्सवाल्याने व्हल्कनची आवृत्तीही विचारावी.

अजून एक हमखास फसायची जागा. जुन्या डी ड्राइव्हवर आधीच उतरवलेला साठ-सत्तर जीबीचा गेम असतो. इंटरनेट वाचवायला पोरं तोच एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमचा ड्राइव्ह लिनक्सच्या स्टीमला जोडतात. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह तयार करतं आणि तिच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं येतात. लिनक्समध्ये असं नाव चालतं, एनटीएफएसवर त्यावरून घोळ होतो आणि गेम उघडतच नाही. ईएक्सटी-फोरचं वेगळं पार्टिशन करावं. घरात किंवा मित्राकडे दुसऱ्या मशिनवर तोच गेम असेल, तर २०२३पासून स्टीम तो एकाच वायफायवरून एका मशिनवरून दुसऱ्यावर उतरवून देतं. डेटा पॅक खर्च होत नाही. सुरुवातीला ‘व्हल्कन शेडर्स’ तयार होत असल्याची पट्टी येते, तिथे स्किप दाबायची घाई करू नका. शेडर म्हणजे कार्डावर चालणारे बारके प्रोग्रॅम. ते आधी तयार असले की ऐन मारामारीत चित्र थिजत नाही.

एवढं सगळं होऊनही काही गेम चालत नाहीत आणि त्याचा दोष वाइनला देता येत नाही. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमांत लबाडी पकडणारे अँटी-चीट प्रोग्रॅम असतात. व्हॅलोरंट या गेमचा व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतो. वाइन तर साध्या प्रोग्रॅमच्या पातळीवर चालतं. तिथे विंडोजचं कर्नलच नाही, बसणार कुठे? ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण कडी काढायची की नाही हे प्रत्येक गेमच्या मालकाने ठरवायचं. सप्टेंबर २०२४मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय लागला, कडी काढली गेली नाही, आणि आदल्या दिवशीपर्यंत लिनक्सवर खेळणारे बाहेर राहिले. एपेक्स लीजंड्सने त्याच वर्षी लिनक्सला सरळ मनाई केली. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र थेट लिनक्ससाठीच बनलेले मिळतात. म्हणून मशिनवर काही टाकायच्या आधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर आपला गेम शोधावा. खेळणाऱ्यांनी स्वतः दिलेला अनुभव तिथे प्लॅटिनमपासून ‘चालतच नाही’पर्यंत श्रेणी लावून दिसतो.

सोपं कुणासाठी, हाही प्रश्न आहेच. एका हाताने खेळणाऱ्यासाठी स्टीममधली ‘स्टीम इनपुट’ ही सोय फार कामाची : कंट्रोलरचं कुठलंही बटण कुठल्याही कीला जोडता येतं, दाबून धरायचं बटण एकदा दाबलं की दबलेलंच राहील असं करता येतं, आणि गेमला याचा पत्ताही नसतो. सोनीच्या कंट्रोलरचा अधिकृत ड्रायव्हर २०२१पासून कर्नलमध्येच आहे, त्यामुळे केबल लावली की काम सुरू. दृष्टिहीनांसाठी लिनक्सच्या डेस्कटॉपवर ‘ओर्का’ हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा वाचक आहे आणि मजकूर बोलून दाखवणाऱ्या ईस्पीक-एनजी या प्रोग्रॅमच्या मराठी आवाजात तो बोलू शकतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण फोल्डरचं नाव, बटण, मेनू वाचून दाखवतो. गेम सुरू झाला की तो गप्प बसतो. डेस्कटॉपचा प्रोग्रॅम ‘हे बटण, हे त्याचं नाव’ असं वाचकाला कळवत असतो. गेम अक्षरंसुद्धा चित्रासारखी रंगवतो, आणि ओर्काच्या हाती वाचण्याजोगं काहीच येत नाही. प्रोटॉन मागण्या पोचवू शकतं, पण गेमने न केलेली मागणी ते कुठून आणणार? तिथला आवाज गेम बनवणाऱ्यालाच घालावा लागतो, विंडोजवरही आणि इथेही.