वारेची भिंत: एका समजाचा इतिहास

गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधी गोळीही घेऊ नये, हे आज घरातल्या कुणालाही ठाऊक असते. १९५०च्या दशकात मात्र अनेक डॉक्टरच उलट धरून चालत: वार (गर्भाशयात बाळाच्या नाळेला जोडलेला अवयव) बाळाची राखण करते, आईने घेतलेले औषध पलीकडे जात नाही.

हा समज एका खऱ्या शोधातून वाढला. आई आणि बाळाच्या रक्तवाहिन्या थेट जोडलेल्या असतात, असे प्राचीन वैद्य गेलनच्या काळापासून मानत. १७५४ साली लंडनमध्ये, दिवस भरत आले असताना मृत्यू पावलेल्या एका स्त्रीच्या गर्भाशयाच्या वाहिन्यांत रंगीत मेण भरले गेले. शरीररचनातज्ज्ञ जॉन हंटर यांनी तपासले तेव्हा मेण वारेच्या पोकळ्यांत उतरले होते, नाळेत नाही. म्हणजे दोघांचे रक्त वेगळे. हे श्रेय कुणाचे, यावरून १७८०मध्ये जॉन आणि त्यांचे थोरले बंधू विल्यम यांचे रॉयल सोसायटीपुढे जाहीर भांडण झाले, ते कायमचेच.

पण ‘रक्त मिसळत नाही’ याचा अर्थ ‘काहीच जात नाही’ असा कसा लावला गेला? प्राणवायू आणि अन्न तर त्याच वाटेने जाते! पहिला तडा १९४१मध्ये गेला. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद मांडली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला (जर्मन गोवर) झाला होता. तरी १९५७मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध बाजारात आले आणि मळमळीवर गर्भवतींनी ते घेतले. १९६१च्या नोव्हेंबरात ते मागे घेईपर्यंत हजारो मुले हात-पाय अपुरे घेऊन जन्मली होती.

ही भिंत सगळ्या सस्तन प्राण्यांत सारखीही नाही. माणसात आईची प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) वारेतून बाळाला मिळतात. गायीच्या वारेतून जात नाहीत, म्हणून वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजावाच लागतो. (खरवसाचा मोह त्यानंतर.)

माणसाच्या वारेचा बाहेरचा थर पेशी एकमेकींत विरघळून झालेला, बिनसांध्याचा असतो. पेशी जोडणारे सिन्सिटिन हे प्रथिन मुळात एका विषाणूचे, असे २०००मध्ये उघड झाले. तो विषाणू कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकांत शिरून तिथेच राहिला. उंदरांकडेही असे प्रथिन आहे, पण वेगळ्याच विषाणूकडून आलेले.