चिपनिर्मिती यंत्रांवरील निर्यात नियंत्रण

चिप बनवण्याची यंत्रे, त्यांचे सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि देखभाल ठरावीक देशांना सरकारी परवान्याशिवाय पुरवता येऊ नये, यासाठी घातलेले कायदेशीर निर्बंध. आज हे नाव घेतले की अमेरिका, नेदरलँड्स आणि जपान यांचे चीनविषयक नियम डोळ्यांसमोर येतात. तयार चिप खिशात घालून नेता येते. ती बनवणारे यंत्र टनावारी वजनाचे असते, ते उभारायला कंपनीचेच अभियंते जावे लागतात आणि त्याचे उत्पादक जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यामुळे माल अडवण्यापेक्षा अवजार अडवणे सोपे, असा यामागचा हिशेब.

कल्पना जुनीच. शीतयुद्धात पाश्चात्त्य देशांची ‘कोकॉम’ ही समिती सोव्हिएत गटाला काय विकायचे नाही ते ठरवत असे. तोशिबाच्या एका उपकंपनीने पाणबुड्यांचे पंखे घडवण्यासाठी अचूक यंत्रे सोव्हिएत संघाला चोरून विकल्याचे प्रकरण 1987 मध्ये गाजले. 1994 मध्ये कोकॉम गुंडाळली गेली आणि 1996 मध्ये तिच्या जागी वासेनार व्यवस्था, म्हणजे निर्यात नियंत्रणाबाबतचा अनेक देशांचा समझोता, आली. भारत तिचा सदस्य 2017 च्या डिसेंबरात झाला. आपल्याकडे अशा दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी, उपयोगाच्या वस्तूंची यादी ‘स्कोमेट’ नावाने ओळखली जाते. मात्र वासेनारचे निर्णय एकमताने होतात आणि रशियाही तिचा सदस्य आहे. म्हणूनच चिपयंत्रांचे नवे नियम एकेका देशाने आपापल्या कायद्यांतून केले.

सगळ्यांत कळीचे यंत्र म्हणजे नेदरलँड्समधील वेल्डहोवेन येथील एएसएमएल कंपनीचे ईयूव्ही, म्हणजे अतितीव्र अतिनील किरणांचे, लिथोग्राफी यंत्र; ते प्रकाशाच्या साहाय्याने चिपवर परिपथांची नक्षी छापते. वितळलेल्या कथिलाच्या सूक्ष्म थेंबांवर सेकंदाला सुमारे 50,000 वेळा लेसरचा मारा करून 13.5 नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश) तरंगलांबीचा प्रकाश निर्माण केला जातो. हा प्रकाश हवेत आणि काचेच्या भिंगात शोषला जातो, म्हणून सारा मार्ग निर्वात ठेवून आरशांनी तो वळवावा लागतो. आरसे जर्मनीच्या झाईसचे, प्रकाशस्रोताचे तंत्र अमेरिकेतल्या सायमरचे. दुसरी कोणतीही कंपनी असे यंत्र विकत नाही. 2019 मध्ये डच सरकारने चीनसाठीच्या परवान्याचे नूतनीकरण केले नाही आणि असे एकही यंत्र चीनला विकले गेलेले नाही.

अमेरिकेने 7 ऑक्टोबर 2022 रोजी नियमांची व्याप्ती एकदम वाढवली. 16 किंवा 14 नॅनोमीटर आणि त्याहून प्रगत लॉजिक (गणना करणाऱ्या) चिप, 18 नॅनोमीटर वा त्याहून सूक्ष्म डीरॅम (तात्पुरती स्मृती), 128 किंवा अधिक थरांची नँड (कायम साठवणुकीची) स्मृती बनवणाऱ्या चिनी कारखान्यांना यंत्रे देण्यासाठी परवाना सक्तीचा झाला. अमेरिकी नागरिकांना अशा कारखान्यांत विनापरवाना मदत करण्यासही मनाई झाली. ही अट यंत्रबंदीइतकीच बोचरी होती. पण अमेरिकेने एकट्याने दार लावून भागणार नव्हते. जपानने 23 जुलै 2023 पासून 23 प्रकारच्या उपकरणांना परवाना लावला. त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून नेदरलँड्सने ईयूव्हीच्या आधीच्या पिढीतील, पाण्याच्या पातळ थरातून प्रकाश सोडणाऱ्या प्रगत डीयूव्ही (खोल अतिनील किरणांच्या) यंत्रांवर निर्बंध आणले. चीननेही 1 ऑगस्ट 2023 पासून चिपनिर्मितीत लागणाऱ्या गॅलियम आणि जर्मेनियम या मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली.

परिणामांचा हिशेब सरळ नाही. 2023 च्या ऑगस्टअखेर हुआवेच्या ‘मेट 60 प्रो’ फोनात एसएमआयसी या चिनी चिप कंपनीने बनवलेली 7 नॅनोमीटर वर्गातील चिप सापडली. जुन्या डीयूव्ही यंत्रावर एकच थर अनेक टप्प्यांत छापला की इतके बारीक काम होते. खर्च वाढतो आणि निर्दोष चिपांचे प्रमाण घटते, एवढेच. शिवाय निर्बंधांची चाहूल लागताच खरेदीची झुंबड उडाली: 2024 च्या पहिल्या दोन तिमाहींत एएसएमएलच्या यंत्रविक्रीत चीनचा वाटा जवळपास निम्मा होता. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने आणखी 140 संस्थांना निर्बंध यादीत टाकले. आता रस्सीखेच आहे ती चीनमध्ये आधीच पोहोचलेल्या यंत्रांच्या देखभालीवरून; सुटे भाग आणि दुरुस्तीला येणारे अभियंते नसतील तर त्यांची अचूकता फार काळ टिकत नाही.